कप्पा नंबर सतरा

सतराव्या कप्प्याची किल्ली माझ्याकडं असते.
भूशास्त्र विभाग, तळमजला. मागची खिडकी उघडली
की अजिंक्यताऱ्याचा एक काळा खांदा दिसतो.
एकवीस वर्षं हे कप्पे पुसते मी.
पहिल्यात गारगोट्या, नवव्यात शिंपले,
बाराव्यात अमोनाइट, गोगलगायीचा लांबचा भाऊबंद,
वळसा तसाच, पण आत भिंती घालून
खोल्या वेगळ्या केलेल्या, वाटणीनंतरच्या घरासारख्या.
तो संपला. ही राहिली.

सतराव्यात नागपूरकडून आलेले दगडाचे सहा तुकडे.
प्रत्येकात करंगळीच्या नखाएवढी
एक गोगलगाय, कापसात निजवलेली.

अळतेकर सर पोरांना सांगायचे :
टोक वर धरा, तोंड आपल्याकडं.
तोंड उजवीकडं आलं तर उजवी.
जगातल्या बहुतेक उजव्याच.
आता ही बघा.
मागच्या बाकावरनं कोणीतरी हमखास म्हणायचं,
तानूबाईंसारखी!
मी डाव्या हातानं फळा पुसत असायची.

वडूथला प्रसादासाठी हात पुढं केला
की सगळे म्हणायचे, दुसरा.
आईनं तो आठ दिवस चिंधीनं पाठीशी बांधला.
उजव्यानं भाकरी थापायला शिकले मी.
कडा फाटायच्या. अजून फाटतात.

आणि सासूबाई म्हणायच्या, गोगलगाय नि पोटात पाय.
सरांना सांगितलं तर ते खूश :
अहो, शास्त्रातलं नावही तेच आहे, उदरपाद!
पोटावरच चालते ती, त्यात कपट कसलं?
मग म्हणाले, तिचं खरं दुखणं वेगळंच आहे.
अंड्यातून पुरती बाहेर येण्याआधीच
आतलं अंग अर्धा वळसा पिळतं,
शेवटचं दार येतं डोक्यावर.
तसंच घेऊन जगते जन्मभर.
मी काही बोलले नाही. मला ओळखीचं वाटलं.

उजवी आणि डावी समोर आल्या
तरी त्यांची अंगं जुळत नाहीत, म्हणायचे सर.
उजव्यांत एखादी डावी जन्मली तर ती एकटीच.
पण कुठल्यातरी तळ्याकाठी, कधीतरी,
डावीला डावी सापडली असणार.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी
एक लाव्हा थंड झाला होता, दुसरा यायचा होता,
मधल्या सवडीत पाणी साचलं,
शेवाळ धरलं, आणि ह्या तिथं चरत होत्या.

आपल्याकडं का नाही मिळत?
विचारलं होतं मी एकदा.
सरांनी खिडकीतनं किल्ल्याकडं बोट केलं :
इथं लाव्ह्यावर लाव्हा, तानूबाई.
मधे कुठं तांबड्या मातीची रेघ दिसते, तेवढीच सवड.
तरी दर रविवारी यवतेश्वरच्या घाटात
त्या रेघेशी उकिडवी बसून मी नखानं माती उकरली.
काही नाही. नखं लाल.

सर गेले त्या वर्षी, दिवाळीनंतर,
महादरेच्या तळ्यावर पाय धुताना
पाणवनस्पतीच्या पानाखाली काहीतरी हललं.
तळहातावर घेतली. टोक वर. तोंड माझ्याकडं.

डावी.

शिंगं बाहेर काढली तिनं, आखडली, पुन्हा काढली.
त्या दगडातल्यांची नात असेल, असं नाही.
सर असते तर म्हणाले असते, घाई नको,
मधली पानं फाटलेली आहेत,
आणि ही तर परदेशातनं कुणाच्या
माशांच्या टाकीबरोबर आलेली असू शकते.
असू दे. मीही वडूथहून आलेच की.

दोन दिवस काचेच्या भांड्यात ठेवली, कोथिंबीर घातली.
तिसऱ्या दिवशी सोडून आले.

सतराव्यात आता सातवी डबी आहे,
कापूस घातलेली, रिकामी.
चिठ्ठी मी लिहिली, ज्या हातानं लिहिता येतं त्या हातानं :
महादरे, सातारा. पाहिली.
नवे सर विचारत होते, यातला नमुना कुठं गेला?
म्हटलं, चालत गेला.
त्यांनी वहीत 'गहाळ' लिहिलं.